कपड्यांवर पांढरे पट्टे, ताठ टॉवेल, कुबट वास : डिटर्जंट पावडर की लिक्विड हे ठरवण्याआधीची तपासणी

धुतलेल्या कपड्यांची तक्रार घेऊन कोणी आलं की सोबत प्रश्न तयारच असतो : ‘पावडर सोडून लिक्विड घेऊ का?’ किंवा याच्या नेमका उलट. नातेवाईक, शेजारी, मित्र यांच्याकडे जाऊन ही तक्रार मी पुन्हा पुन्हा सोडवली आहे. दर वेळी सुरुवात एकाच ठिकाणाहून करतो : कपड्यावर नेमकं काय राहिलंय ते आधी ओळखायचं. न विरघळलेली पावडर, पाण्यातले क्षार, जास्तीचं लिक्विड, सॉफ्टनरचा (कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा) ओशट थर आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर, या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि पाचांवरचे उपायही वेगळे आहेत. नुसत्या नजरेला त्यांतला फरक कळत नाही. ओळख पटली की पावडर की लिक्विड याचं उत्तर बहुधा मिळूनच जातं, आणि कितीतरी वेळा दोष डिटर्जंटचा नसतोच.

लक्षणं

तुमच्याकडे यांपैकी काय काय दिसतं ते आधी बघा. एकापेक्षा जास्त लक्षणं असली तर सगळी कागदावर लिहून ठेवा, कारण ती कोणाच्या जोडीने येतात यावरून बरंच कळतं.

– गडद कपड्यांवर पांढरट पट्टे किंवा ठिपके. विशेषतः शिवणीत, खिशात, घड्यांमध्ये.
– टॉवेल ताठ आणि खरखरीत झालेत.
– टॉवेल मऊ आहेत, पण पाणी टिपत नाहीत. अंगावरून नुसते घसरतात.
– पांढरे कपडे हळूहळू करडे, कळकट दिसू लागलेत.
– वाळलेल्या कपड्याला वास नाही, पण घाम आला किंवा कपडा ओला झाला की कुबट वास येतो.
– धुणं काढलं तरी मशीनच्या ड्रॉवरमध्ये (डिटर्जंट टाकायच्या खणात) पावडरचा ओला गोळा किंवा लिक्विडचा चिकट थर उरतो.
– शेवटच्या पाण्यातही फेस दिसतो, किंवा मशीन ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ घेतं.
– करडे किंवा निळसर ओशट डाग, जे धुण्याआधी कपड्यावर नव्हते.

ठिपके आणि ड्रॉवरमधला गोळा एकत्र दिसत असतील तर पावडर विरघळत नाहीये. ताठ टॉवेल आणि कळकट पांढरे कपडे एकत्र असतील तर संशय पाण्यातल्या क्षारांवर घ्या. वास आणि उरलेला फेस ही जोडी जास्त डोस आणि थंड पाणी यांची. टॉवेल मऊ असूनही पाणी टिपत नसेल तर जवळजवळ नेहमी सॉफ्टनर. हे अंदाज आहेत. खात्री पुढच्या तपासणीतून करायची.

पहिली तपासणी : पांढरा थर कसला आहे?

याला काही खर्च नाही, दहा मिनिटं लागतात, आणि पुढचा सगळा निर्णय यावर उभा आहे. म्हणून ही टाळू नका.

पट्टे असलेला कपड्याचा भाग एका वाटीत कोमट पाण्यात बुडवा आणि बोटांनी हलकेच चोळा. पाणी बुळबुळीत लागलं, थोडा फेस आला आणि पट्टे गेले, तर ती न विरघळलेली किंवा न निघालेली पावडर होती. पट्टे तसेच राहिले तर कपडा साध्या पाण्यातून नीट काढा आणि मग त्या जागेवर पांढऱ्या व्हिनेगरचे काही थेंब टाका. बारीक बुडबुडे आले, थर विरघळला, तर ते क्षार आहेत. मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट.

हा क्रम उलटा करू नका. पावडरमध्ये धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट असतो आणि तोही व्हिनेगरने फसफसतो. आधी व्हिनेगर टाकलं तर पावडरच्या थराला तुम्ही क्षार समजाल आणि पुढची सगळी तपासणी चुकीच्या दिशेने जाईल. आधी पाणी, मग व्हिनेगर.

कधीकधी दोन्हींतून काहीच होत नाही आणि गडद कपड्यावर पिठासारखी अगदी बारीक भुकटी तशीच राहते. बऱ्याच पावडरींमध्ये झिओलाइट नावाचा घटक असतो. तो पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतो, पण स्वतः पाण्यात विरघळत नाही; तो पाण्याबरोबर वाहून जावा लागतो. मशीन ठासून भरलं असेल किंवा पाणी कमी पडत असेल तर तो कपड्यातच अडकतो. वाळलेला कपडा झटकल्यावर तो उडून जात असेल तर पुढच्या तपासण्यांपैकी कपड्यांच्या भरतीकडे आणि पाण्याच्या पातळीकडे आधी बघा.

दुसरी तपासणी : डोस

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दोष इथे सापडतो. लिक्विडच्या बाबतीत तर फारच. बाटलीचं टोपण हेच माप असतं, पण ते काठोकाठ भरायचं नसतं. आत बारीक रेषा असतात आणि साधारण मळलेल्या कपड्यांची रेषा पुष्कळ खाली असते. टोपण रंगीत असल्यामुळे ती रेषा दिसतही नाही. उजेडात धरून एकदा शोधा आणि बाहेरून पेनाने खूण करून ठेवा.

पावडरला चमचा किंवा वाटी कोणतीही चालते असं समजू नका. दोन पावडरींची घनता वेगळी असते. तीच वाटी एकीला पुरेशी तर दुसरीला दीडपट ठरते. पाकिटावर ग्रॅममध्ये दिलेला डोस एकदा वजनकाट्यावर मोजा, तुमच्या वाटीत तो कुठपर्यंत येतो ते बघा आणि तिथे खूण करा.

डोस जास्त झाला तर काय बिघडतं? कपडे स्वच्छ होण्यात रसायनाइतकाच वाटा कपड्यांच्या आपटण्याचा आणि घासण्याचा असतो. फेसाची गादी झाली की कपडे आपटतच नाहीत. शिवाय फेसात अडकलेला मळ पाण्याबरोबर जात नाही, पुन्हा कपड्यावर बसतो. फ्रंट लोड मशीन कमी पाणी वापरतं, म्हणून तिथे हा त्रास लवकर दिसतो. काही मशीन जास्त फेस ओळखतात आणि आपणहून जादा पाण्याने खंगाळतात. धुण्याचा वेळ वाढतो तो त्यामुळे. फ्रंट लोडसाठी कमी फेसाचं डिटर्जंटच घ्या. हाताने धुण्याची पावडर भरपूर फेस व्हावा अशी बनवलेली असते, ती फ्रंट लोडमध्ये अजिबात टाकू नका.

जास्त डोसची खात्री करायची पद्धत : नुकतेच धुतलेले दोन-तीन टॉवेल मशीनमध्ये टाका, काहीही डिटर्जंट न घालता ४० अंश सेल्सिअसला चालवा, आणि दहा-पंधरा मिनिटांनी काचेतून बघा. फेस दिसला तर तो आधीच्या धुण्यांमधला आहे. तोच प्रयोग फेस दिसेनासा होईपर्यंत पुन्हा करा आणि मग डोस खाली आणा.

उलटा प्रकारही असतो आणि तो लोकांना पटवून देणं कठीण जातं. पाणी जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेलं, असेल आणि पावडर कमी पडली, तर पावडरमधले पाणी मऊ करणारे घटक अर्ध्यातच संपतात. उरलेलं कॅल्शियम कपड्यावर बसतं आणि सुटलेला मळही तरंगत राहण्याऐवजी परत कपड्याला चिकटतो. म्हणून कळकट कपड्यांवर ‘डोस कमी करा’ हा सरसकट सल्ला मी देत नाही. पांढरा थर व्हिनेगरने गेला असेल तर डोस कमी करू नका; पाण्याची तपासणी होईपर्यंत थांबा.

तिसरी तपासणी : मशीन किती भरता?

फ्रंट लोडमध्ये कोरडे कपडे भरल्यावर वर हाताचा पंजा उभा जाईल एवढी जागा राहायला हवी. टॉप लोडमध्ये कपडे दाबून भरायचे नाहीत. जागा नसली तर पाणी घड्यांमध्ये पोहोचत नाही, पावडर विरघळली तरी तिथून निघत नाही आणि पट्टे शिवणींमध्येच दिसतात. मशीनवर लिहिलेले किलो सहसा सुती कपड्यांच्या मोठ्या प्रोग्रामचे असतात. झटपट किंवा नाजूक कपड्यांच्या प्रोग्रामला भरती बरीच कमी असते. पुस्तिकेत तक्ता असतो. झटपट प्रोग्राम आणि पूर्ण भरलेला ड्रम या जोडीने पावडरचे ठिपके पडणारच.

चौथी तपासणी : डिटर्जंट पडतं कुठे?

ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. बहुतेक मशीनमध्ये मधे एक खटका दाबला की तो निघतो. मुख्य धुण्याच्या कप्प्यात काही मशीनना एक छोटी उभी पट्टी असते : लिक्विड वापरताना ती खाली, पावडर वापरताना वर किंवा बाहेर. पट्टी खाली ठेवून पावडर टाकली तर पावडर तिच्यामागे अडकून गोळा होतो. पट्टीशिवाय लिक्विड टाकलं तर धुणं सुरू होण्याआधीच ते खाली ओघळतं, आणि प्रोग्रामला प्रीवॉश, म्हणजे मुख्य धुण्याआधीचं छोटं धुणं, असेल तर पहिल्याच पाण्याबरोबर निघून जातं. मुख्य धुणं मग नुसत्या पाण्याने होतं. प्रीवॉश नेहमी वापरत असाल आणि ड्रॉवरला पट्टी नसेल तर पावडरच घ्या.

मशीन उशिरा सुरू होण्यासाठी टायमर लावत असाल तर ओलसर ड्रॉवरमध्ये पडलेली पावडर तोवर घट्ट होते. ड्रॉवर पुसून कोरडा करून मगच पावडर टाका, किंवा अशा धुण्याला पट्टी लावून लिक्विड वापरा.

टॉप लोडमध्ये कपड्यांवर वरून पावडर भुरभुरू नका. आधी पावडर, थोडं पाणी, मग कपडे हा क्रम ठेवा. पाणी फार थंड असेल तर पावडर मगभर गरम पाण्यात विरघळवून ओता. गरम म्हणजे हाताला सोसेल इतपत. उकळत्या पाण्यात डिटर्जंटमधली एन्झाइम, म्हणजे डाग तोडणारे घटक, निकामी होतात.

सॉफ्टनरचा कप्पाही याच वेळी बघा. तिथे नेहमी पाणी साचत असेल तर मधली टोपी काढून धुवा. सॉफ्टनरचे कण धनभारित असतात, डिटर्जंटमधले मळ काढणारे मुख्य कण ऋणभारित. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना पकडतात आणि मेणासारखा करडा ओशट थर तयार होतो. न समजणारे ओशट डाग बहुतेक वेळा याचेच असतात. टॉवेलना आणि खेळाच्या कपड्यांना सॉफ्टनर टाकणं बंदच करा. टॉवेलच्या तंतूंवर त्याचा थर बसतो आणि पाणी टिपलं जात नाही.

पाचवी तपासणी : पाण्याचं तापमान

पावडर की लिक्विड हा प्रश्न खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो.

थंड पाण्यात, साधारण २० अंशांच्या खाली, पावडर विरघळायला वेळ लागतो. प्रोग्राम छोटा असेल तर ती विरघळायच्या आतच धुणं संपतं. लिक्विडला ही अडचण नाही. म्हणून थंड पाणी आणि छोटा प्रोग्राम हीच तुमची सवय असेल, तर रोजच्या हलक्या मळलेल्या कपड्यांसाठी लिक्विड योग्य.

पण लिक्विडमध्ये एक गोष्ट जवळजवळ कधीच नसते, ती म्हणजे ऑक्सिजन ब्लीच. पावडरमध्ये सोडियम परकार्बोनेट असू शकतं. पाण्यात पडल्यावर ते हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं. चहा, कॉफी, फळांचे रस यांचे डाग त्याने फिके होतात आणि जिवाणूही मरतात. लिक्विडमध्ये आधीच पाणी असल्यामुळे परकार्बोनेट बाटलीतच विघटित होऊन जाईल, म्हणून ते त्यात घालता येत नाही. कपडे धुण्याच्या पावडरीत ऑक्सिजन ब्लीच घालण्याची कल्पना जुनी आहे : १९०७ साली जर्मनीच्या हेंकेल कंपनीने सोडियम परबोरेट असलेली पर्सिल पावडर बाजारात आणली. परकार्बोनेट एकटं असेल तर ६० अंशांच्या आसपास जोमाने काम करतं. सोबत टीएईडी नावाचा सक्रियक असेल तर ४० अंशांनाही चांगला परिणाम देतं. पाकिटावरच्या घटकांत ‘ऑक्सिजन ब्लीच’ आहे का ते वाचा. ‘रंगीत कपड्यांसाठी’ असं लिहिलेल्या पावडरीत ते सहसा नसतं, कारण त्याने रंग विटू शकतात. म्हणजे नुसतं पावडर घेऊन काम होत नाही, कोणती पावडर तेही बघावं लागतं.

वासाची तक्रार बहुतेक याच मुद्द्याशी येऊन थांबते. कित्येक महिने फक्त लिक्विड, फक्त थंड पाणी आणि धुणं झाल्यावर बंद केलेलं दार, अशी सवय असली की ड्रमच्या मागे, गॅस्केटच्या (दाराभोवतीच्या रबरी कड्याच्या) घडीत, ड्रॉवरच्या वरच्या बाजूला जिवाणूंचा बुळबुळीत थर जमतो. कपडे दर धुण्याला त्याच्या संपर्कात येतात. जपानी संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धुतलेल्या कपड्यांच्या कुबट वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू असल्याचं दाखवलं. तो कपडा वाळल्यानंतरही तग धरून राहतो. त्यामुळे कोरड्या कपड्याला वास नसतो आणि घाम आला की तो परत येतो. सुगंधी लिक्विड वाढवून हा वास फक्त झाकला जातो. उलट जादा डोसने त्या थराला खाद्यच मिळतं.

अशा वेळी मी वास येणारे सुती कपडे आणि टॉवेल ऑक्सिजन ब्लीच असलेल्या पावडरीने ६० अंशांना धुवायला सांगतो, अर्थात कपड्याच्या लेबलवर ते तापमान चालत असेल तरच. नंतर आठवड्यातलं निदान एक धुणं तसं करायचं आणि धुणं झालं की दार व ड्रॉवर उघडे ठेवायचे. घरात लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर उघड्या दारावर लक्ष ठेवा.

सहावी तपासणी : पाणी किती जड आहे?

पाण्याची जडता म्हणजे त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. ती कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये सांगतात. सर्वसाधारण वर्गवारीत ६० पर्यंत मऊ, ६१ ते १२० मध्यम, १२१ ते १८० जड आणि त्यापुढे अतिजड. पाणीपुरवठा करणाऱ्यांकडे हा आकडा असतो. नसेल तर जडता मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. टीडीएस मीटरवर विसंबू नका. ते पाण्यात विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतं. त्यात सोडियमही आलं आणि सोडियमने पाणी जड होत नाही.

पट्ट्या नसतील तर साबणाची चाचणी करा. पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, खऱ्या साबणाचा, डिटर्जंटचा नव्हे, छोटा तुकडा टाका आणि जोरात हलवा. वर भरपूर फेस आणि खाली स्वच्छ पाणी दिसलं तर पाणी मऊ. फेस नाममात्र, पाणी दुधाळ आणि वर पांढरी साय आली तर पाणी जड. डिटर्जंट जड पाण्यातही फेस करतं, म्हणून ते इथे उपयोगाचं नाही.

पावडरमधला सोडा कॅल्शियमला पकडून घट्ट कॅल्शियम कार्बोनेट बनवतो. चांगल्या पावडरीत ते कण पाण्यात तरंगत ठेवणारे घटक असतात. स्वस्त, सोड्याचाच भर असलेल्या पावडरीत ते कमी असतात आणि कण कपड्यांच्या तंतूंमध्ये व हीटरवर बसतात. टॉवेल त्यानेच ताठ होतात. लिक्विडमध्ये असा सोडा नसतो, म्हणून त्याने हा थर कमी बसतो; पण अतिजड पाण्यात लिक्विडची ताकदही घटते.

मी लोकांना सांगतो ते असं. पाणी मऊ किंवा मध्यम असेल तर दोन्ही चालतात, कपड्यांवरून ठरवा. पाणी जड असेल आणि धुणं गरम पाण्यात होत असेल तर चांगल्या प्रतीची पावडर, जड पाण्यासाठी पाकिटावर दिलेल्या पूर्ण डोसमध्ये. पाणी जड आणि धुणं थंड पाण्यात, तर रोजच्यासाठी लिक्विड, आणि टॉवेल-चादरी मात्र अधूनमधून गरम पाण्यात पावडरीने. पाणी अतिजड असेल तर पाणी मऊ करणारी पावडर वेगळी टाका किंवा पाणी मऊ करणारं यंत्र बसवण्याचा विचार करा. नुसतं डिटर्जंट बदलत राहून फरक पडणार नाही.

आधीच ताठ झालेले सुती टॉवेल बऱ्यापैकी सुधारतात. प्लॅस्टिकच्या बादलीत पाच लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड विरघळवा, टॉवेल अर्धा तास बुडवून ठेवा, भरपूर पाण्यातून काढा आणि मग नेहमीसारखे धुवा. रंगीत टॉवेलचा कोपरा आधी तपासून घ्या. आणि हे नीट लक्षात ठेवा : सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर क्लोरीन ब्लीचसोबत कधीही, कोणत्याही प्रमाणात वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो. एकाच धुण्यात नाही, एकाच बादलीत नाही, मशीनच्या वेगवेगळ्या कप्प्यांतही नाही.

कपड्यानुसार निवड

पांढरे सुती कपडे, चादरी, टॉवेल, बाळाचे सुती लंगोट, मातीने मळलेले कपडे : पावडर. कॉलरचा, तेलाचा ओशटपणा : लिक्विड, तेही डागावर थेट लावून, दहा मिनिटं ठेवून, मग धुण्यात टाकायचं. पावडरीने हे इतक्या सोपेपणाने जमत नाही. गडद रंग आणि खेळाचे कृत्रिम धाग्याचे कपडे : रंगीत कपड्यांचं लिक्विड, कमी डोसमध्ये. रक्ताचा डाग : आधी थंड पाणी, मग एन्झाइम असलेलं कोणतंही, गरम पाण्याने तो पक्का होतो.

लोकर आणि रेशीम यांना दोन्ही नेहमीची डिटर्जंट नकोत. हे तंतू प्रथिनांचे असतात, प्रोटिएज हे एन्झाइम प्रथिनंच तोडतं आणि पावडरीचा अल्कलीपणाही त्यांना सोसत नाही. त्यांच्यासाठी एन्झाइम नसलेलं, सौम्य लिक्विड वेगळं ठेवा.

घरात पावडर आणि लिक्विड दोन्ही ठेवणं मला सगळ्यात सोयीचं वाटतं. दोन्ही एकाच धुण्यात पूर्ण डोसने मात्र टाकू नका. डोस दुप्पट होतो आणि तुम्ही पुन्हा दुसऱ्या तपासणीपाशी येता.

सातवी तपासणी : मशीनची साफसफाई

इथून पुढे हात ओले होतात. आधी मशीनचा प्लग काढा आणि नळ बंद करा.

ड्रॉवर गरम पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासा. ड्रॉवर जिथे बसतो त्या खोबणीच्या वरच्या बाजूला, जिथून पाणी पडतं तिथे, काळी बुरशी असते. तीही घासून काढा. तिथली भोकं बुजली की पाणी पावडरीवर नीट पडत नाही. गॅस्केटची घडी बोटांनी उलटून पुसा.

मग पाण्याच्या नळीची जाळी. नळी मशीनच्या मागून हाताने सोडवा, तोंडाशी असलेली छोटी जाळी पकडीने हळूच ओढून काढा आणि धुवा. ती रेतीने बुजली असेल तर पाणी हळू येतं आणि पावडर ड्रॉवरमधून पूर्ण वाहून जात नाही. ‘पावडर विरघळत नाही’ म्हणून सांगितलेल्या कितीतरी तक्रारींमध्ये मला अखेर ही जाळीच बुजलेली सापडली आहे. जाळी परत बसवताना रबरी वायसर जागेवर आहे ना ते बघा, नळ उघडून गळती तपासा.

फ्रंट लोडमध्ये खाली पुढच्या बाजूला पंपाचा फिल्टर असतो. गरम पाण्याचं धुणं नुकतंच झालं असेल तर पाणी निवू द्या. खाली पसरट ताट आणि फडकं ठेवा, बारीक नळी असेल तर तिच्यातून आधी पाणी काढा, मगच झाकण हळूहळू फिरवा. नाणी, पिना, धाग्यांचे गोळे काढा. फिल्टर तुंबला की साबणाचं पाणी पूर्ण निघत नाही आणि पुढचं खंगाळणं त्याच घाण पाण्यात होतं.

शेवटी ड्रम रिकामा ठेवून, ऑक्सिजन ब्लीचची पावडर टाकून, ६० अंश किंवा त्याहून गरम प्रोग्राम पूर्ण चालवा. करडे पापुद्रे बाहेर आले तर ते निघेपर्यंत असं आणखी एकदा करा. क्षार काढायला सायट्रिक ॲसिड वापरायचं असेल तर पुस्तिकेतली परवानगी आणि प्रमाण बघा. दर धुण्याला व्हिनेगर ओतण्याची सवय लावून घेऊ नका. रबरी भागांना ती बाधते.

आठवी तपासणी : हीटर, पाण्याची पातळी, निचरा

मशीन उघडायचं नाही, फक्त निरीक्षण करायचं. ६० अंशांचा सुती प्रोग्राम लावा आणि तीस-चाळीस मिनिटांनी काचेला हात लावा, जपून. काच थंडच असेल तर पाणी तापत नाहीये. तसं असेल तर पावडर न विरघळणं आणि वास या दोन्हींचं कारण तिथेच आहे.

निचऱ्याची नळी पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर आहे का आणि भिंतीतल्या पाइपमध्ये फार आत खुपसलेली तर नाही ना, ते बघा. ती खूप खाली किंवा हवाबंद बसवली असेल तर पाणी भरताभरताच आपोआप ओढलं जाऊन वाहून जातं. धुताना निचऱ्यातून सतत पाणी जाताना दिसलं तर हेच कारण.

इथे थांबा आणि तंत्रज्ञाला बोलवा

– मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या किंवा जळका वास आला. लगेच मेन स्विच बंद करा, ओल्या हाताने प्लग ओढू नका, आणि दुरुस्ती होईपर्यंत मशीन वापरू नका.
– पाणी तापत नाही. हीटर, त्याचा सेन्सर आणि वायरिंग हे घरच्या घरी करायचं काम नाही.
– वरच्या सगळ्या तपासण्या करूनही पाणी खूपच कमी किंवा खूपच जास्त भरतं. पातळी मोजणारा प्रेशर स्विच किंवा त्याची हवेची नळी बिघडलेली असू शकते.
– पिळताना घरघर, खडखड किंवा ड्रम हाताने हलवला तर डगमगतो. बेअरिंग किंवा ड्रममागचा आधार झिजला असेल. तसंच चालवलं तर नुकसान वाढतं.
– मशीनखाली पाणी येतं आणि ते नळीच्या जोडातून येत नाही.
– फिल्टर साफ करूनही पाणी निघत नाही, किंवा तोच एरर कोड पुन्हा पुन्हा येतो.

त्वचेला खाज, पुरळ, लाल चट्टे असतील तर आधी जादा खंगाळणं लावा आणि सुगंध नसलेलं डिटर्जंट वापरून बघा. आठवडाभरात फरक पडला नाही, किंवा लहान बाळाला त्रास असेल, तर डिटर्जंट बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

तंत्रज्ञ आल्यावर ‘कपडे नीट निघत नाहीत’ एवढंच सांगू नका. पांढरा थर पाण्याने गेला की व्हिनेगरने, कोणता प्रोग्राम, किती तापमान, पावडर की लिक्विड, डोस किती, काच तापली की नाही आणि कोणता एरर कोड आला, हे कागदावर लिहून द्या. डिटर्जंटचं पाकीट किंवा बाटलीही समोर ठेवा.